एप्रिलच्या जपानसाठी ऑगस्टपासून

तोक्यो आणि क्योतोत साकुरा फुलतो तो साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आपल्याकडे तोवर कापूस विकून झालेला असतो, हरभरा घरात आलेला असतो, गव्हाची काढणी उरकत आलेली असते आणि खरिपाला अजून दोन महिने असतात. शिरपूर तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबाला परदेशी जायला वर्षात याहून सोयीचा काळ नाही. पुढे २९ एप्रिलपासून जपानी लोकांच्याच मोठ्या सुट्ट्या लागतात, तेव्हा गाड्या आणि हॉटेलं भरलेली असतात. त्याआधी परत यायचं, म्हणजे आखाजीला लेकी माहेरी येतील तेव्हा घर उघडं असेल.

तर एप्रिलचा पहिला आठवडा ही तारीख धरा आणि तिथून मागे मोजत या. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण नेमकं उलट करतात. मोबाइलवर स्वस्त तिकीट दिसतं, ते घेतात आणि मग कागदांच्या मागे लागतात. तिकीट दहा मिनिटांत मिळतं, पण आईच्या आधारवरचं एक अक्षर दुरुस्त करून त्याप्रमाणे पुढची सगळी कागदं जुळवायला दोन महिने सहज जातात. म्हणून सुरुवात ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या सुमाराला.

आमच्या घरी हे काम निघालं तेव्हा आईची सगळी कागदं सतरंजीवर एका ओळीत मांडली. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. आधारवर सासरचं, आणि इंग्रजीत ‘लीला’ एका ‘आय’नं लिहिलेलं. पॅनवर तेच नाव दोन ‘ई’ घालून. बँकेच्या पासबुकात ‘लीलाबाई’. चार कागद, चार बाया! गावात यानं काही अडत नाही, कारण सगळे ओळखतात. विमानतळावर मात्र ओळख फक्त अक्षरांची असते. आम्ही आधी आधार दुरुस्त केलं, मग त्याच स्पेलिंगनं पॅन, मग बँक, आणि त्यानंतरच पासपोर्टचा अर्ज भरला. हा क्रम सोडू नका.

अर्जात नावाचे दोन रकाने असतात, सरनेम आणि गिव्हन नेम. आपलं नाव तिपेडी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. आडनाव सरनेममध्ये आणि उरलेली दोन्ही गिव्हन नेममध्ये घाला. पुढे व्हिसाचा अर्ज आणि विमानाचं तिकीट हेच दोन रकाने जसेच्या तसे उचलतात. सरनेमचा रकाना रिकामा सोडला, तर तिकीट काढण्यापासून प्रत्येक पायरीवर खुलासा करत बसावं लागतं.

प्रौढ माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आणि मुदत १० वर्षं. तत्काळला वर २,००० लागतात. ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर ते वाचतात. अर्ज भरताना जवळच्या केंद्रांची यादी दिसते, त्यातलं सोयीचं पाहून वेळ घ्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद येऊ शकते. ती काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे, आणि जपान त्या यादीत नाही. शिवाय ५० वर्षांपुढच्या माणसांना ती लागत नाही. त्यामुळे आई चौथीपर्यंतच शिकली आहे म्हणून घाबरायचं कारण नाही.

त्यानंतर पोलीस पडताळणी. इथे शेतात राहणाऱ्यांची गडबड होते. पत्ता गावातला, माणसं दिवसभर मळ्यात, आणि फोनला रेंज नाही. घराला कुलूप दिसलं की ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा जाऊ शकतो. अर्ज केल्यानंतरचे काही आठवडे घरी कोणीतरी राहील आणि अनोळखी नंबर उचलला जाईल एवढं पाहा. ज्या दोन शेजाऱ्यांची नावं दिली असतील, त्यांनाही आधी सांगून ठेवा. मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर त्यानं तो सध्या राहतो तिथला पत्ता द्यावा.

पासपोर्ट दिवाळीपर्यंत हातात आला असं धरू. आता पैशांचा माग, आणि शेतकऱ्यानं सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं हेच काम आहे. व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला दोन गोष्टी बघायच्या असतात: हा माणूस स्वतःचा खर्च भागवू शकतो का, आणि तो परत जाईल का. नोकरदाराचं उत्तर सरळ असतं. पगाराची पावती, रजेचं पत्र, आयकर विवरण. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून पुष्कळांनी विवरण कधी भरलेलंच नसतं. खातं आठ-नऊ महिने जवळजवळ कोरडं आणि कापूस किंवा केळी विकली की एकदम भरलेलं. मुंबईत बसून ते खातं पाहणाऱ्याला वाटू शकतं की व्हिसासाठी कोणाकडून तरी पैसे आणून टाकलेत.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक मोठ्या रकमेमागे कागद उभा करणं. सात-बारा आणि आठ-अ, कापूस विकल्याची पावती, केळीच्या पट्ट्या, आणि त्या तारखांना खात्यात आलेली रक्कम. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. सोबत एक पानाचं साधं पत्र जोडा: आम्ही शेतकरी आहोत, आमचं उत्पन्न वर्षातून एक-दोनदा येतं, या रकमा त्याच्या आहेत, आणि जूनमध्ये पेरणीला आम्हाला घरी असणं भाग आहे. परत यायचं याहून बळकट कारण मला तरी सुचत नाही. रकमांचा माग दिसावा म्हणून यंदाचा माल विकताना पैसे खात्यावरच घ्या. रोखीनं घेतलेल्या पैशाचा माग राहत नाही. आयकर विवरण शून्याचं का होईना, भरायला लागा. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस हा आगाऊ कर घेतात, आणि विवरण भरलं तरच त्याचा परतावा मागता येतो.

व्हिसाच्या बाबतीत घाई करून चालत नाही. भारतातल्या पर्यटकांना जपान २०२४ च्या एप्रिलपासून ई-व्हिसा देतो. अर्ज आणि कागद व्हिसा अर्ज केंद्रात द्यायचे, पण पासपोर्टवर चिकटवलेलं पान मिळत नाही. हा एकवेळ प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरायचा असतो. म्हणजे डिसेंबरातच घेऊन ठेवला तर एप्रिलमध्ये तो संपलेला असेल. फेब्रुवारीच्या मध्याला अर्ज करा. अर्जात रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, कोणत्या रात्री कोणत्या गावात आणि कोणत्या हॉटेलात. तो तुमच्या बुकिंगशी तारीखवार जुळला पाहिजे. व्हिसा मिळेपर्यंत हॉटेल आणि विमान दोन्ही पैसे परत मिळतील अशाच अटीवर घ्या, थोडं महाग पडलं तरी.

ई-व्हिसाची एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांना ठाऊक नसते. विमानतळावर तो इंटरनेट चालू ठेवून मोबाइलवर थेट उघडून दाखवावा लागतो. प्रिंट, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. कुटुंबात एकाच्याच फोनवर सगळ्यांचे लॉगिन असतील तर तो फोन चार्ज हवा आणि उतरल्याबरोबर त्यावर नेट हवं. इथला सिमही बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो, म्हणून एसएमएस येण्यापुरतं रोमिंग आणि डेबिट कार्डाचा परदेशातला वापर हे दोन्ही शिरपुरातून निघण्याआधी सुरू करून घ्या. रोख येनही थोडे हवेत. १०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, त्यातल्या १,००० च्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो आहेत. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधायला गेलेले शास्त्रज्ञ. आपल्या आजे-पणज्यांनी ज्या रोगापायी घरं सोडून रानात झोपड्या बांधल्या, तोच प्लेग.

तिकीट घेताना मधला थांबा असेल तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात. पण पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं, तर जबाबदारी तुमची. शिवाय मधल्या देशात सामान घेऊन पुन्हा द्यायची वेळ आली तर तिथला व्हिसाही लागू शकतो. एकाच तिकिटावर सामान बहुतेक वेळा थेट शेवटपर्यंत जातं, तरी काउंटरवर सामानाच्या चिठ्ठीवर कोणतं शहर लिहिलंय ते वाचून घ्या.

जपानमधल्या रेल्वे पासबद्दल अजून जुने हिशेब फिरतात. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं भाडं १४,००० च्या आसपास. फक्त जाऊन-येऊन करायचं तर सुटं तिकीट कितीतरी स्वस्त. पास परवडतो तो सात दिवसांत याहून कितीतरी जास्त फिरणाऱ्यांनाच.

कार्यक्रमात नाराजवळचं होर्युजी मंदिर जरूर घाला. तिथल्या मुख्य सभागृहातली जुनी भित्तिचित्रं १९४९ च्या आगीत होरपळली, आज भिंतींवर प्रतिकृती आहेत. त्यातले बोधिसत्त्व पाहताना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणून थंडीत एका रविवारी घरच्या सगळ्यांना अजिंठा दाखवून आणा. जपानी माणसं जळगावला उतरून ते बघायला इतक्या लांबून येतात, आणि आपल्यातली पुष्कळ माणसं शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेलीही नसतात. वाकायामा प्रांतातलं बौद्ध मठांचं कोयासानही आपल्या मनाला तसंच जवळचं. तिथल्या विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा बसवला.

थंडीचंही थंडीतच बघायचं. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि तोक्योत सकाळी दहा अंशांच्या आसपास असतो. तेव्हा शिरपुरात स्वेटर शोधून मिळणार नाही. डिसेंबरात रस्त्याकडेला स्वेटरवाले बसतात, तेव्हाच घेऊन ठेवा. चालण्याची सवयही तेव्हापासून. जपानमध्ये दिवसाला सात-आठ किलोमीटर चालणं सहज होतं, जिने वेगळे. आई जानेवारीपासून रोज संध्याकाळी नवे बूट घालून करवंद नाक्यापर्यंत जाऊन यायची.

तिनं पहिल्या दिवशीच विचारलं होतं, “इतलं दूर जाई ऱ्हायनात, तठे खाशात काय?” प्रश्न खरा आहे. जपानमध्ये भाजीचं दिसणारं सूप किंवा शेवयाही बहुधा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात, म्हणजे दाशीत केलेल्या असतात. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासा आणि दाशीही नको, हे जपानीत लिहिलेली चिठ्ठी दाखवावी लागते. कोयासानच्या मठांत राहिलात तर शोजिन र्योरी मिळते, भिक्षूंचा पूर्ण शाकाहारी स्वयंपाक, तोफू, भाज्या आणि भात. तोक्योत निशी-कासाई भागात भारतीय वस्ती आहे, तिथे डाळ-तांदूळ आणि भारतीय जेवण दोन्ही मिळतं. घरून दशम्या, खाकरा, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे न्या. आपली केळी इथेच राहू द्या. ताज्या फळांना सरकारी तपासणीचा दाखला लागतो. मांसाचे पदार्थही नेता येत नाहीत. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, आणि पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत.

औषधांत हयगय नको. रोजच्या गोळ्या एक महिन्यापुरत्या, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, आणि कोडीनच्या खोकल्याच्या औषधांवरही कडक बंधनं आहेत. खिशात सवयीनं टाकलेली सर्दीची गोळीही मेडिकलवाल्याला दाखवून घटक तपासून घ्या.

शिरपूरला रेल्वे नाही. नरडाण्याला किंवा धुळ्याला जावं लागतं, नाहीतर रस्ता. सावळद्याचा तापीवरचा पूल ओलांडला की धुळे, मालेगाव, नाशिक आणि मग कसारा घाट. घाटात एक ट्रक आडवा झाला की चार तास गेले म्हणून समजा. विमान रात्रीचं असलं तरी त्याच दिवशी निघू नका. आदल्या दिवशी निघून मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा आणि विमानाच्या साडेतीन-चार तास आधी सहारच्या टर्मिनलवर पोचा. निघण्याआधी घरूनच व्हिजिट जपान वेब या जपानी सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची माहिती भरा. त्याचा क्यूआर कोड इमिग्रेशनला आणि कस्टमला चालतो.

नारिता विमानतळ तोक्योपासून जवळजवळ ६० किलोमीटर आहे आणि तिथून शहरात जाणाऱ्या गाड्या रात्री अकराच्या सुमाराला थांबतात. तिकीट घेताना उतरण्याची वेळ बघा, सकाळची किंवा दुपारची बरी. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. पहिल्या रात्रीच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन नंबर जपानी अक्षरांत मोठ्या टाइपात छापून घ्या आणि प्रत्येकाच्या खिशात एक-एक प्रत द्या. फोन हरवला, चुकामूक झाली, तरी तो कागद टॅक्सीवाल्याला नुसता दाखवला की पुरतं. आमच्या आईनं तो रुमालात बांधून कमरेला खोचला होता.