पंक शोधायचा तर बार्शीला जा

धाराशिवमध्ये पंक, म्हणजे बंडखोर रॉक, वाजवणाऱ्या बँडचा कार्यक्रम झाल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. जयंतीचा डीजे, गोंधळ्यांचं संबळ, तुळजापूरच्या वाटेवरची आराध्यांची गाणी, यांतच आमचे कान तयार झाले. मुंबईत 2010च्या आगेमागे ‘द रायट पेडलर्स’सारखे बँड पंक वाजवू लागले, पण बहुतेक इंग्रजीत. तो आवाज घाट चढून इकडे आला नाही.

पंकचा मूळ स्फोट 1976चा. न्यूयॉर्कच्या रमोन्सचा पहिला अल्बम त्या एप्रिलमध्ये निघाला. 14 गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. नोव्हेंबरात लंडनच्या सेक्स पिस्टल्सची पहिली रेकॉर्ड आली. पुढच्या वर्षी राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवातच त्यांनी एका गाण्यातून राणीवर तोफ डागली आणि बीबीसीने ते गाणं वाजवायचं नाकारलं. चाहते स्वतःच झेरॉक्स काढून अंक वाटत. अशाच एका अंकात गिटारचे तीन कॉर्ड काढून दाखवले होते आणि खाली लिहिलं होतं, आता बँड काढा. उस्ताद नको, कंपनी नको, कुणाची परवानगी तर नकोच.

ही रग आपल्याकडे बघायची तर धाराशिवहून तासाभराच्या वाटेवरच्या बार्शीला जावं लागतं. 1916 साली तिथे मेहबूब हुसेन पटेल जन्मले; महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणतो. आई मुनेरबी ओव्या गायची, तोच त्यांचा गानवर्ग. गिरणीत राबले, संपात तुरुंगात गेले. 1944मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. डफ, तुणतुणं आणि मागे ‘जी जी’ ओढणारे झीलकरी, एवढ्या सरंजामावर त्यांनी गिरणगाव पेटवला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये त्यांचा पहाडी आवाज ऐकायला लोटलेली गर्दी भाषणांसाठीही थांबायची. 1969मध्ये अपघातात ते गेले.

त्यांची मुलगी कवयित्री मल्लिका अमर शेख, आणि जावई कवी नामदेव ढसाळ. ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972चा, म्हणजे सेक्स पिस्टल्सच्या पहिल्या रेकॉर्डच्या चार वर्षं आधीचा. प्रस्तावना नाटककार विजय तेंडुलकरांची. त्यासाठी ते ढसाळांबरोबर कामाठीपुऱ्यात हिंडले आणि कवितेतल्या शब्दांचे अर्थ त्यांनाही विचारून घ्यावे लागले. त्याच वर्षी ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर ही संघटना उभी केली. ती भाषा, तो उर्मटपणा पाहिला की लंडनची पोरं फार उशिरा जागी झाली असं वाटतं.

मात्र 1976मध्ये, लंडनमध्ये पंकचा भडका उडाला तेव्हा इथे आणीबाणी होती, आणि ढसाळांनी ‘प्रियदर्शिनी’ ही इंदिरा गांधींचा गौरव करणारी दीर्घकविता लिहिली. पंकवाल्यांनीही पुढे रेकॉर्ड कंपन्यांशी करार केलेच. बंडखोराला सत्ता किंवा पैसा गाठतोच, त्यात आपण वेगळे नव्हतो.

म्हणून या घराण्यात मला सर्वांत पंक वाटतात त्या मल्लिकाताई. लंडनमध्ये पॉली स्टायरीन या गायिकेने 1977मध्ये बाईला बांधून ठेवणाऱ्या जगावर बोंब ठोकली होती. मल्लिकाताईंनी तेच काम गाण्याशिवाय केलं. 1984च्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात त्यांनी क्रांतीच्या घरात बाईच्या वाट्याला काय येतं ते लिहिलं, तेही नवरा हयात आणि नावाजलेला असताना. चळवळीची अब्रू, सासरची अब्रू, स्वतःची अब्रू, कशाचाही मुलाहिजा ठेवला नाही. शाहिरांचा डफ आणि पँथरची कविता सभांना, मोर्चांना उपयोगी पडली, म्हणून ती मिरवली गेली. हे पुस्तक कुणाच्याच सोयीचं नव्हतं.

2016मध्ये जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत नेलं. तुमच्या गावच्या वाचनालयात मराठी प्रत नसेल, तर ग्रंथपालांना सांगून मागवून घ्या.