बंद खिडकीआडची हवा

थंडीच्या दिवसांत मुंबई-पुण्याचा हवेचा निर्देशांक बातम्यांत चढू लागला, की घरोघरी खिडक्या लागतात. वाहनं, बांधकामं, धूळ सगळं बाहेर राहिलं आणि आपण आत सुरक्षित आहोत, असं वाटतं. या समजुतीत दोन चुका आहेत. पहिली म्हणजे पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे बारीक असतात. स्लायडिंग खिडकीची फट आणि दाराखालची जागा त्यांना आत यायला पुरेशी असते. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. घर स्वतःही प्रदूषण तयार करतं. फोडणीचा आणि तळणीचा धूर, गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड, उदबत्ती, डासांची कॉइल, भिंतीतली ओल हे सगळं मोकळ्या अंगणात पांगलं असतं, पण दहा बाय बाराच्या बंद खोलीत ते साठत जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. भारताचं मानक ६० आहे. हे आकडे आपण रस्त्यावरच्या हवेसाठी वाचतो. दिवसाचा बहुतेक वेळ मात्र आपण छताखाली असतो. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि घर सांभाळणाऱ्या बायका तर त्याहूनही जास्त.

हा केवळ शहरी फ्लॅटचा प्रश्न आहे असंही नाही. घरातल्या हवेच्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे आणि त्यामागे मुख्यतः चूल, लाकूडफाटा, शेणी आणि रॉकेल आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यापाड्यांत सिलिंडर पोचले, तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक घरांत अजून चुलीवरच होते. सिलिंडर घरात आला म्हणजे धूर गेला, असं धरून चालता येत नाही.

‘धुरीने हवा शुद्ध होते’

या समजुतीला हात लावताना संकोच वाटतो, कारण तिच्यात माया आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची, निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग टाकून न्हाऊ घातलेल्या बाळाला धुरी द्यायची. त्याने सर्दी होत नाही, असं आजीने आईला आणि आईने लेकीला सांगितलेलं असतं. पण धूर कशाचाही असो, त्यात बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड असतोच. ओव्याचा वास चांगला म्हणून निखाऱ्याचा धूर बदलत नाही. नवजात बाळ मिनिटाला साधारण चाळीस वेळा श्वास घेतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक. त्याचं फुप्फुस अजून वाढत असतं आणि वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून त्याची खोली घट्ट बंद केलेली असते. बाळाला ऊब हवी असते. ती टोपडं, दुपटं आणि आईच्या अंगाने मिळते. रात्रभर धगधगत ठेवलेल्या शेगडीमुळे तर बंद खोलीत जीव जाऊ शकतो. निखारे लाल झाले, धूर दिसेनासा झाला, तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो.

बाळाच्याच खोलीतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जुनी दुपटी, गोधड्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या असतात आणि बारशाच्या आधी थेट वापरायला काढतात. या गोळ्यांतल्या नॅफ्थॅलिनची वाफ काही बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या, तांबड्या पेशी फोडते आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांजवळ या गोळ्या नकोतच.

देवघरातल्या उदबत्तीचं आणि कापराचंही तसंच. कापूर जळताना वर जी काजळी धरते, तीच श्वासातही जाते. पूजा सोडावी असं कुणी म्हणत नाही. एकच उदबत्ती लावावी, ती लावताना खिडकी उघडी असावी, आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर फुलं आणि निरांजन पुरेसं मानावं.

डासांच्या कॉइलबद्दल मात्र इतकं मऊ बोलता येणार नाही. चीन आणि मलेशियातल्या कॉइलींवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे पीएम २.५ कण बाहेर पडतात, तेवढ्यासाठी ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असं त्यात आढळलं. आणि ही कॉइल आपण लावतो कुठे? मुलं झोपतात त्या खोलीत, पलंगाखाली, दार-खिडक्या लावून. मच्छरदाणी हे जुनं साधन तिच्यापेक्षा कितीतरी सरस आहे आणि खिडकीला जाळी बसवली की डासही अडतात आणि वाराही येतो.

‘वास नाही, म्हणजे धोका नाही’

या गैरसमजाने माणसं न्हाणीघरात मेली आहेत. गॅस गिझरची बातमी दर हिवाळ्यात कुठून तरी येते: तरुण मुलगी, नुकतं लग्न झालेलं जोडपं, आतून कडी लावलेलं दार. स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. गिझरमध्ये मारतो तो न जळलेला गॅस नसतो. छोट्या बंद न्हाणीघरात बर्नर भराभर प्राणवायू खातो, ज्वलन अपुरं होऊ लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं आणि दाराची कडी काढायला हात उठत नाही. कुणाला झटका येतो आणि घरचे फिट्सच्या आजाराचे उपचार शोधत राहतात.

करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले, म्हणून हेही लक्षात ठेवावं: कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत साधा ऑक्सिमीटर फसतो. प्राणवायू धरलेलं आणि हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन त्याला वेगळं ओळखता येत नाही. बोटावर ९८ दिसत असताना माणूस गुदमरत असू शकतो. अशा वेळी आकडा बघत बसू नये. आधी दार-खिडक्या उघडाव्यात, गिझर बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावं आणि दवाखाना गाठावा, कारण त्याला प्राणवायू द्यावा लागतो.

गिझर न्हाणीघराच्या बाहेर, हवेशीर जागी बसवावा आणि आत फक्त पाण्याचा नळ यावा. ते होईपर्यंत आजपासून करता येण्यासारखी सवय एकच: दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच अंघोळीला आत जायचं. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. बाहेरून हवा आत यायला वाट नसेल तर तोही फारसं काही करू शकत नाही.

झाडं, एसी, प्युरिफायर

घरात झाडं ठेवली की हवा स्वच्छ होते, या समजाचं मूळ ‘नासा’च्या १९८९ च्या प्रयोगात आहे. तो खरा प्रयोग होता, पण छोट्या हवाबंद पेटीत केलेला. घराची हवा मात्र फटींतून, दारांतून सतत बदलत असते. पुढे अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडं लागतील, असं निघालं. तुळस रात्री प्राणवायू सोडते हेही खरं नाही. प्रकाशाशिवाय कुठलंच झाड प्राणवायू तयार करत नाही. झाडं डोळ्यांना आणि मनाला बरं वाटावं म्हणून जरूर ठेवावीत.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. बाहेर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्षात सव्वाचारशेच्या आसपास असतं. दोन माणसं झोपलेल्या बंद खोलीत ते सकाळपर्यंत २००० च्या वर सहज जातं. सकाळी डोकं जड असण्यामागे हे एक कारण असू शकतं. झोपायच्या खोलीचं दार किंचित उघडं ठेवलं तरी फरक पडतो.

प्युरिफायर मात्र निरुपयोगी नाही. चांगला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो आणि दम्याच्या रुग्णाच्या खोलीत त्याचा उपयोग होतो. पण कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा यांवर त्याची मात्रा चालत नाही. जी यंत्रं ओझोन सोडून हवा ताजी करण्याचा दावा करतात, ती घेऊच नयेत, कारण ओझोनच फुप्फुसाला त्रासदायक आहे. स्वयंपाकघरातल्या चिमणीचंही बघून घ्यावं. जिचा पाइप बाहेर जात नाही, ती तेलकटपणा गाळून बाकीचं सगळं पुन्हा खोलीतच सोडते.

पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरली की आपण रंगारी बोलावतो. गळका पाइप किंवा गच्चीची भेग तशीच असेल, तर बुरशी नव्या रंगातून वर येते. आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधावं, घरात कपडे वाळत घालावेच लागले तर खिडकीजवळ घालावेत आणि ऊन पडलं की गाद्या-उशांना ते दाखवावं.

आता खिडक्यांचं. थंडीत पहाटे आणि रात्री गार हवा जमिनीलगत दबून राहते, तिच्यात धूरही अडकतो. ऊन तापलं की तो थर वर उठतो. म्हणून त्या दिवसांत भल्या पहाटेऐवजी दुपारी बारा ते चारच्या दरम्यान समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. रस्त्यालगतचं घर असेल तर आतल्या चौकाकडच्या खिडक्या उघडाव्यात आणि केर काढल्यावर लादी ओल्या फडक्याने पुसावी. स्वयंपाक चालू असताना मात्र वेळ बघू नये. फोडणी पडण्याआधी खिडकी उघडी आणि पंखा चालू असावा, आणि गॅस बंद केल्यावरही तो दहा-पंधरा मिनिटं फिरू द्यावा.