मैदानाचा मध्यभाग

फुटबॉलच्या सामन्यात चेंडू जाळ्यात शिरला, की प्रेक्षक गोल करणाऱ्याचा जयजयकार करतात आणि गोल अडवू न शकलेल्या गोलरक्षकाला बोल लावतात. परंतु पुष्कळदा त्या गोलाचे मूळ गोलखांबांपासून चाळीस-पन्नास मीटर दूर, मैदानाच्या मध्यभागी असते. मध्यभाग एकदा हातचा गेला, म्हणजे सामना हातचा जाण्यास फारसा वेळ लागत नाही.

प्रत्येक संघात गोलरक्षकाच्या पुढे साधारणपणे तीन फळ्या असतात : बचावाची, मधली आणि आघाडीची. मधल्या फळीला दोन कामे करावी लागतात. प्रतिपक्षाची चढाई वाटेतच मोडायची, आणि मागून मिळालेला चेंडू पुढे आघाडीकडे पोहोचवायचा. ही फळी म्हणजे जणू नदीवरील पूल होय. पूल वाहून गेला, तर दोन्ही काठ शाबूत असूनही गावाचा गावाशी संबंध तुटतो. तसेच येथेही घडते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण 25 नोव्हेंबर 1953 रोजी लंडनमधील वेंब्ली मैदानावर घडले. इंग्लंड आणि हंगेरी यांचा तो सामना पाहण्यास सुमारे एक लाख प्रेक्षक लोटले होते. ब्रिटिश बेटांबाहेरील कोणत्याही देशाला तोपर्यंत इंग्लंडला त्याच्या भूमीवर हरवता आले नव्हते. हंगेरीच्या संघानेही आदल्याच वर्षी हेलसिंकी येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले होते. त्या काळी सदऱ्यावरील अंकावरून खेळाडूची जागा ओळखता येत असे. 9 अंकाचा खेळाडू म्हणजे आघाडीचा मधला गडी. तो पुढे उभा राहणार आणि बचावफळीतील मधल्या खेळाडूने त्याच्यावर पहारा ठेवायचा, असा रिवाजच पडून गेला होता.

हंगेरीचे मार्गदर्शक गुस्ताव शेबेश यांनी हा रिवाज मोडला. 9 अंकाचा हिडेगकुटी पुढे न थांबता मागे सरकून मध्यभागात खेळू लागला. त्याच्यावर पहारा ठेवणारा हॅरी जॉन्स्टन हा काही नवखा खेळाडू नव्हता. त्याच वर्षी ब्लॅकपूल संघाचा कर्णधार म्हणून त्याने इंग्लंडमधील सर्वांत मानाचा चषक जिंकला होता. पण आता त्याच्यापुढे मोठा पेच पडला. हिडेगकुटीच्या मागे जावे, तर बचावात खिंडार पडते आणि पुश्कास व कोचिश त्यातून आत घुसतात. जागीच थांबावे, तर हिडेगकुटी मोकळा राहतो. मधल्या फळीतील राइट आणि डिकिन्सन यांनी त्याला अडवावे, तर तेही पुश्कास व कोचिश यांच्यावर नजर ठेवण्यात गुंतलेले! त्या दोघांना रोखण्यासाठी राइट व डिकिन्सन मागे ओढले गेले. त्यामुळे इंग्लंडच्या मधल्या व पुढल्या फळीत मोठी पोकळी पडली. त्या पोकळीत हंगेरीचा बोझिक निर्धास्तपणे चेंडू घेई आणि हवा तेथे पोहोचवी.

पहिल्याच मिनिटात हिडेगकुटीने गोल केला. मध्यंतरापर्यंत हंगेरीचे चार गोल झाले होते, तर इंग्लंडचे दोन. अखेरीस हंगेरीने 6-3 असा विजय मिळविला. त्यांतील तीन गोल एकट्या हिडेगकुटीचे होते. जॉन्स्टनला त्यानंतर इंग्लंडतर्फे पुन्हा कधीही खेळावयास मिळाले नाही. वास्तविक त्याच्या अंगी कसबही होते आणि जिद्दही होती. उणीव होती ती रचनेत. ही रचना न बदलल्यामुळे पुढे मे 1954 मध्ये बुडापेस्ट येथे इंग्लंडला 7-1 असा त्याहूनही मोठा पराभव पत्करावा लागला.

या सामन्यावरून मधली फळी का ढासळते, याची कारणे स्पष्ट होतात. पहिले कारण संख्येचे. मध्यभागात आपले दोन व प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असतील, तर एक जण नेहमी मोकळा राहणारच. दुसरे कारण अंतराचे. फळ्या एकमेकींपासून फार दूर गेल्या, की प्रतिपक्ष त्यांच्या दरम्यान सुखाने वावरतो. तिसरे कारण घाईचे. चेंडू मिळण्यापूर्वीच जो आजूबाजूला पाहून ठेवतो, त्याला तो कोणाकडे द्यावा हे ठाऊक असते. जो नंतर पाहतो, तो गोंधळून चेंडू उंच भिरकावतो आणि बहुधा गमावतो. चौथे कारण थकव्याचे. चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो. त्यामुळे चेंडू हाती असलेला संघ दमतो थोडा, आणि त्याचा पाठलाग करणारा दमतो फार. पाय जड झाले, की परत जागेवर येण्यास उशीर होतो आणि पोकळी आणखी रुंदावते. अशा रीतीने एक चूक दुसरीला जन्म देते.

यावर उपाय नाही असे मात्र नव्हे. 4 जुलै 1954 रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यात पश्चिम जर्मनीची गाठ याच हंगेरीशी पडली. पहिल्या आठ मिनिटांतच हंगेरीने दोन गोल केले. तरीही जर्मन संघ विस्कळीत झाला नाही. हिडेगकुटीवर पहारा ठेवण्याचे काम बचावातील मधल्या खेळाडूकडे न देता मधल्या फळीतील होर्स्ट एकेल याच्याकडे सोपविलेले होते. त्यामुळे हिडेगकुटी मागे सरकला, तरी बचावाला जागा सोडावी लागली नाही. पावसाने ओल्या झालेल्या त्या मैदानावर जर्मनीने 3-2 असा विजय मिळविला. अर्थात, त्या विजयाला इतरही कारणे होती. हंगेरीचा कर्णधार पुश्कास दुखापतीतून पुरता बरा झालेला नव्हता. तथापि वेंब्लीवर इंग्लंडला न सुटलेले कोडे जर्मनांनी आधीच ओळखून ठेवले होते, हे खरे.

म्हणून फुटबॉलचा सामना पाहताना नजर केवळ चेंडूवर खिळवून ठेवू नये. चेंडूपासून दूर असलेले खेळाडू कोठे उभे आहेत, कोण कोणाच्या मदतीला धावतो आणि कोणाची जागा रिकामी राहते, हेही पाहावे. गोल कोणी केला, हे फलकावरून कळते. तो का झाला, हे मात्र मैदानाचा मध्यभागच सांगतो.