‘पकडतो’मधला न दिसणारा नियम

‘प-क-ड-तो’ असं एकेक अक्षर सुटं वाचणारी मुलं अनेक प्राथमिक शाळांत भेटतात. अक्षरं बरोबर असतात, पण शब्द लागत नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ही अडचण वाढते. तिथे अनेक घरांत वारली बोलली जाते, सीमेलगत गुजरातीही कानावर पडते. पुस्तकातली मराठी भेटते ती शाळेत. अशा मुलावर ‘कच्चा’ असा शिक्का पटकन बसतो. अडचण मात्र बुद्धीची नसून उच्चाराची असू शकते.

मराठीत लिहिलेला प्रत्येक ‘अ’ उच्चारला जात नाही. ‘पकड’ म्हणताना ‘ड’चा पाय मोडतो: प-कड्. ‘पकडा’ म्हणताना ‘क’चा मोडतो: पक्-डा. ‘पकडतो’मध्ये पुन्हा ‘ड’चा: प-कड्-तो. साधारणपणे शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गळतो. शेवटी आ, ओ, ऊ असा दुसरा स्वर असेल तर त्याच्या अलीकडच्या अक्षरातला ‘अ’ गळतो. पहिलं अक्षर शाबूत राहतं. ‘समज, समजा, समजतो’ म्हणून पाहा, हाच नियम दिसेल. लिपीत त्याची खूण नाही. ते काम कान करतो. शब्दच अनोळखी असेल, तर कानाला आधार उरत नाही.

असं मराठीतच होतं असं नाही. फ्रेंचमध्ये ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ यांतली क्रियापदं वेगवेगळी लिहितात, उच्चार मात्र एकच: ‘पार्ल’.

मेंदूची तात्पुरती स्मृती एका वेळी मोजकेच तुकडे धरून ठेवते. चार सुटी अक्षरं सांभाळताना वाक्याचा अर्थ निसटतो. तीन ठेक्यांचा ओळखीचा शब्द सहज मावतो.

म्हणून आधी बोलणं, मग वाचणं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत सुरू केलेलं आणि पुढे कोसबाडला गेलेलं बालशिक्षणाचं काम मुलांच्या परिसरातल्या वस्तूंवरच उभं राहिलं. इथेही खडे पुरतात. प्रत्येक अक्षराला नव्हे, प्रत्येक ठेक्याला एक खडा ठेवायचा: ‘पकडा’ला दोन, ‘पकडतो’ला तीन. आधी कृती करत शब्द म्हणायचा, त्याला घरच्या बोलीत काय म्हणतात ते मुलाला विचारायचं, मग पुस्तक उघडायचं. सारखं ‘काय?’ विचारणाऱ्या मुलाचे कान मात्र आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.