मूल हरवलें असतां

आषाढीच्या गर्दींत, चंद्रभागेच्या वाळवंटीं, आईच्या हातांतून बोट सुटतें आणि क्षणांत पोर दिसेनासें होतें. अशा वेळीं घरचीं सारींच माणसें सैरावैरा धांवूं लागतात. हीच पहिली चूक होय. एकानें त्याच जागीं थांबावें, म्हणजे मूल मागें फिरल्यास त्याला ओळखीचें माणूस दिसेल. दुसऱ्यानें जवळपास शोधावें आणि तिसऱ्यानें तडक पोलीस ठाणें गाठावें.

‘चोवीस तास वाट पाहावी लागते’ हा समज सर्वस्वीं खोटा आहे. हरवलेल्या मुलाची तक्रार तत्काळ गुन्हा म्हणून नोंदवावी आणि प्रथमतः अपहरण वा अपव्यापार गृहीत धरूनच तपास करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १० मे २०१३ रोजीं दिला. हद्दीची सबबही चालत नाहीं. तक्रार कोणत्याही ठाण्यांत देतां येते. तींत वय, उंची, अंगावरील कपडे, शरीरावरील खूण व मुलाची भाषा सांगावी; अलीकडील छायाचित्र द्यावें आणि नोंदीची प्रत विनामूल्य मागून घ्यावी. १०९८ या क्रमांकावर अहोरात्र मदत मिळते. मूल आगगाडींत वा स्थानकांत हरवल्यास १३९ वरही कळवावें.

मूल सांपडल्यावर त्यास रागें भरूं नये. घरच्या रागाला भिणारें मूल घराची वाटही टाळतें.