हनुवटी वयानुसार सरकते का?

चाळिशीत दातांना तार लावायला गेलेली माणसं डॉक्टरांना हमखास विचारतात, "हनुवटी अलीकडे एका बाजूला गेल्यासारखी वाटते. तार लावली की सरळ होईल ना?"

तंतोतंत सारख्या बाजूंचा चेहरा कोणाचाच नसतो. कार्ल हासे या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1887 मध्ये दाखवून दिलं की, सौंदर्याचा आदर्श मानल्या गेलेल्या व्हीनस द मिलो या शिल्पाच्या चेहऱ्याच्याही दोन बाजू जुळत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराने जिवंत चेहरे किती बारकाईने पाहिले असतील!

वयाचा हात यात आहेच. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत 191 जणांचे चेहरे त्रिमितीय कॅमेऱ्याने मोजले होते. सर्वांत लहान चार महिन्यांचं बाळ, सर्वांत थोरले 88 वर्षांचे. असमानता वयागणिक वाढलेली दिसली, पण दशकामागे सरासरी 0.06 मिलिमीटर! शिवाय ही वेगवेगळ्या वयांची वेगवेगळी माणसं होती; एकाच माणसाचं म्हातारपण कोणी मोजलं नव्हतं. एवढ्या आकड्यावर 'चाळिशीनंतर चेहरा वाकडा होतो' अशी भीती घालणं मला पटत नाही.

मग हनुवटीच का? जबड्याच्या विकृतीसाठी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आलेल्या रुग्णांची पाहणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. असमानता असलेल्यांपैकी 74 टक्क्यांत ती हनुवटीत होती, चेहऱ्याच्या वरच्या भागात फक्त 5 टक्क्यांत. खालचा जबडा सर्वांत उशिरापर्यंत वाढत राहतो आणि त्याची दोन टोकं स्वतंत्रपणे वाढतात. म्हणजे चाळिशीत जाणवलेला तिरकेपणा बहुधा विशीच्या आतलाच असतो.

तिरकेपणा दातांमुळे आहे की हाडामुळे, हे बघायला खुर्चीत बसवल्यावर डॉक्टर तोंड पूर्ण उघडायला आणि मग सावकाश मिटायला सांगतात. तोंड उघडं असताना वरच्या-खालच्या दातांच्या मध्यरेषा जुळल्या आणि दात टेकताना जबडा एकीकडे घसरला, तर दोष दातांच्या ठेवणीत असतो. तारेचा उपयोग होतो. उघडतानाच हनुवटी बाजूला असेल, तर बहुतेकदा हाडच कमी-जास्त असतं. प्रौढ वयात तारेने किंवा अलाइनरने (दातांवर बसवायच्या पारदर्शक साच्यांनी) हाड सरळ होत नाही, त्याला शस्त्रक्रिया लागते. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

म्हणून तपासणीला जाताना जुने फोटो घेऊन जा: दहावीचा, लग्नातला, पासपोर्टचा. हनुवटी वर्षा-दोन वर्षांत सरकत असल्याचं त्यांतून दिसलं, तर जबड्याचं एका बाजूचं टोक अजून वाढतंय का, हे हाडांच्या स्कॅनवर बघावं लागतं. आणि तोंड काही तासांत वाकडं झालं, तर दाताच्या डॉक्टरकडे नव्हे, तडक इस्पितळात जा.