गहुंज्याहून गेलेले गोलंदाज

१३ नोव्हेंबर २०२५ ला भाच्याचा फोन आला. "मामा, शार्दूल मुंबईत आला. दोन कोटी. ट्रेड झाला!" शार्दूल ठाकूर पालघरचा. पाठीवर किट घेऊन लोकलनं मुंबईला खेळायला जाणारा हा पोरगा इतक्या वर्षांनी मुंबई इंडियन्सकडून खेळणार, याचा त्याला आनंद झाला होता. दोनच दिवसांनी जडेजा आणि सॅम करन राजस्थानला, संजू सॅमसन चेन्नईला, अशी मोठी अदलाबदल जाहीर झाली आणि त्याच भाच्याचा आवाज बसला. तो सांगवीच्या ऋतुराज गायकवाडमुळे चेन्नईचा. जडेजा नसलेली चेन्नई त्याला सोसवत नव्हती. बोलता बोलता त्यानं सहज विचारलं, "मामा, तुझी टीम कुठली रे?"

मला उत्तर देता आलं नाही. ते अजून सलतंय.

शार्दूलचा हा तिसरा ट्रेड. दुसरा दिल्लीहून कोलकात्याला, २०२२ मध्ये. पहिला कुठला, हे आज कुणाला पटकन सांगता येणार नाही. मार्च २०१७ मध्ये पंजाबनं त्याला सोडलं तेव्हा तो आला होता पुण्याला. माझ्या टीमकडे.

त्याआधीच्या काळात फार रेंगाळत नाही. स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियानं वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं, ती गोष्ट पुण्यात घरोघरी सांगून झाली आहे. त्याच्याही आधी पांडुरंग साळगावकर महाराष्ट्राकडून वाऱ्यासारखी गोलंदाजी टाकायचे आणि तरी भारताकडून कसोटी न खेळताच राहिले, ही हळहळ मला वडिलांकडून मिळाली. आयपीएलची पहिली तीन वर्षं मी सामने पाहिले, पण कुणाचाच झालो नाही. मुंबईच्या विजयावर टाळ्या वाजवणं पेठेत वाढलेल्या माणसाला जमत नाही.

मार्च २०१० मध्ये सहारानं ३७ कोटी डॉलरची बोली लावून पुण्याचा संघ घेतला आणि मी एका दिवसात कुणाचा तरी झालो. पुणे वॉरियर्स. पहिल्या वर्षी, २०११ मध्ये, घरचं मैदान नेरूळला होतं, तेही चालवून घेतलं. युवराजसाठी १८ लाख डॉलर, उथप्पासाठी २१ लाख डॉलर. लिलावाच्या दिवशी कागदावर संघ मांडला तर आपण सगळ्यांना हरवणार असं वाटायचं. त्या मोसमात दहात नववे आलो. पुढच्या वर्षी नवांत नववे. तिसऱ्या वर्षी नवांत आठवे, आणि त्या एका मोसमात मॅथ्यूज, टेलर, फिंच असे तीन कर्णधार.

पण ८ एप्रिल २०१२ ची संध्याकाळ मला कुणी हिरावून घेऊ शकत नाही. पुण्याजवळच्या गहुंज्याच्या नव्या मैदानावरचा पहिला आयपीएल सामना. लोणावळा लोकलनं देहूरोडला उतरून पुढं रिक्षा, मग चालत. पंजाबला २२ धावांनी हरवलं. गॅलरीतून एकीकडे एक्स्प्रेस-वेचे दिवे आणि दुसरीकडे डोंगर दिसत होते, आणि आजूबाजूचे सगळे मराठीतून ओरडत होते.

त्या संघात मेरठचा एक सडपातळ मुलगा नवा चेंडू टाकायचा. वेग फारसा नाही, पण मनगट इतकं सरळ की चेंडू दोन्हीकडे वळायचा. भुवनेश्वर कुमार. २३ एप्रिल २०१३ ला बंगळुरूत ख्रिस गेलनं आपल्या विरुद्ध ६६ चेंडूंत नाबाद १७५ काढल्या आणि बंगळुरूनं २६३. तो सामना लोक गेलसाठी आठवतात. मी भुवनेश्वरसाठी आठवतो. त्या वादळात त्याच्या चार षटकांत फक्त २३ धावा निघाल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हे सांगत फिरलो, कुणी ऐकून घेतलं नाही.

महिन्याभरात सहारानं शुल्काच्या वादावरून अंग काढून घेतलं, ऑक्टोबरमध्ये क्रिकेट मंडळानं संघच रद्द केला. २०१४ च्या लिलावात हैदराबादनं भुवनेश्वरला सव्वाचार कोटींना घेतलं. २०१६ आणि २०१७, सलग दोन वर्षं सर्वाधिक बळींची पर्पल कॅप त्याच्या डोक्यावर. मालक आणि मंडळ यांच्यात कोण बरोबर होतं, याच्याशी मला आजही देणंघेणं नाही. दोघांनी मिळून पुण्याचा गोलंदाज घालवला, एवढं मला कळतं.

मधली दोन वर्षं संघच नव्हता. तरी जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्र रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला. वाटेत वानखेडेवर मुंबईला हरवलं, केदार जाधवनं त्या मोसमात १२२३ धावा केल्या, आणि समद फल्लाह, श्रीकांत मुंढे, अनुपम संकलेचा या वेगवान गोलंदाजांनी तो मोसम खांद्यावर वाहून नेला. हैदराबादला कर्नाटककडून हरलो. १९४०-४१ नंतर करंडक आलेला नाही. त्या तिघांबद्दल पुण्यात जितकं बोललं जायला हवं होतं, त्याचा दहावा भागही बोललं गेलं नाही.

मग डिसेंबर २०१५. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बाहेर, त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट. संजीव गोएंका यांनी संघ घेतला. खेळाडू निवडताना पहिलं नाव घेतलं धोनीचं. मग रहाणे, अश्विन, स्मिथ, डू प्लेसी. २०१६ चा उन्हाळा मात्र दुष्काळाचा होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं आणि उच्च न्यायालयानं मे महिन्यातले सामने राज्याबाहेर हलवायला सांगितलं. निर्णय योग्यच होता, मी तेव्हाही हेच म्हणालो. पण पुण्याचा संघ विशाखापट्टणमला घरचा म्हणून खेळताना टीव्हीवर बघणं जड गेलं. आठांत सातवे आलो.

आणि मग २०१७. माझ्या आयुष्यातलं क्रिकेटचं सगळ्यात सुंदर वर्ष.

फेब्रुवारीत धोनीचं कर्णधारपद काढून स्मिथला दिलं, शहर खवळलं. मीही खवळलो होतो, आणि मी चुकलो होतो. स्मिथनं संघ उभा केला. लिलावात बेन स्टोक्सवर साडेचौदा कोटी घातले, ते तर दिसतंच. पण त्याच लिलावात १० लाखांच्या मूळ किमतीला राहुल त्रिपाठी आला आणि त्यानं ३९१ धावा केल्या. ३० लाखांना जयदेव उनाडकट आला. अश्विन जखमी झाला तर त्याच्या जागी वॉशिंग्टन सुंदर नावाचा १७ वर्षांचा मुलगा आला. पंजाबहून शार्दूल आला. दीपक चहर होता, लेगस्पिनर राहुल चहर होता. आज ही नावं एका ओळीत लिहिताना मला भरून येतं. भारताच्या पुढच्या पाच-सात वर्षांतले कितीतरी गोलंदाज एकाच वेळी गहुंज्याच्या नेटमध्ये होते.

६ मेची संध्याकाळ. हैदराबादला शेवटच्या षटकात १३ हव्या होत्या. उनाडकटनं बोटांतून चेंडू हळू सोडला, परत हळू, परत हळू. हॅट्ट्रिक, आणि धाव एकही नाही. हॅट्ट्रिकचा तिसरा बळी होता भुवनेश्वर कुमार. माझा जुना गोलंदाज माझ्या नव्या गोलंदाजाकडून बाद झाला आणि मी टीव्हीपुढं उभा राहिलो. मोसम संपला तेव्हा बळींच्या यादीत भुवनेश्वर पहिला, २६. उनाडकट दुसरा, २४.

मुंबईविरुद्ध वानखेडेवर वॉशिंग्टननं १६ धावांत तिघांना बाद केलं आणि आपण अंतिम फेरीत गेलो. २१ मे, हैदराबाद. उनाडकटनं चार षटकांत १९ दिल्या, वॉशिंग्टननं १३. मुंबई ७ बाद ७९ वरून कृणाल पंड्यामुळे १२९ ला पोचली. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर ४. दोन पळून झाल्या, तिसरी पूर्ण झाली नाही. एका धावेनं हरलो. वडील तेव्हा होते. त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "पोरं लहान आहेत, पुढच्या वर्षी बघ." पुढचं वर्ष नव्हतंच. संघाची मुदतच दोन वर्षांची होती, हे त्या क्षणी आम्ही दोघंही विसरलो होतो.

जानेवारी २०१८ च्या लिलावात सगळे विखुरले. उनाडकट राजस्थानला साडेअकरा कोटींना, वॉशिंग्टन बंगळुरूला ३ कोटी २० लाखांना, राहुल चहर मुंबईला. धोनी चेन्नईला परतला, दीपक चहर आणि शार्दूललाही चेन्नईनं घेतलं. आणि एप्रिलमध्ये कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं, तेव्हा चेन्नईचे घरचे सामने हलवले कुठं, तर गहुंज्याला. चाहते खास रेल्वेनं पुण्यात आले. मी गेलो होतो. सगळं मैदान पिवळं. चहर त्याच टोकाकडून नवा चेंडू घेऊन धावत येत होता, मागे तेच ग्लोव्ह्ज घालून धोनी. आदल्या मोसमात ज्यांच्यासाठी घसा बसवला तेच चेहरे, आणि माझ्या शेजारच्या माणसानं मला विचारलं, "तुम्ही चेन्नईचे का?" त्या मोसमात चेन्नई जिंकली. मला त्यांच्या यशाचा राग नाही. त्यांनी गोलंदाज हेरले, ठेवले, दुखापतीतही सांभाळले. हे पुण्यात का होऊ शकलं नाही, याचा राग आहे.

गोएंका ऑक्टोबर २०२१ मध्ये परत आले. ७०९० कोटी मोजून लखनऊ घेतलं आणि नाव ठेवलं सुपर जायंट्स. पुण्याच्या आपल्या संघाचं हे नावही गेलं. २०२२ मध्ये साखळी सामने सगळे महाराष्ट्रात झाले, १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, गहुंज्याला ऋतुराजनं ९९ केल्या आणि महाराष्ट्राच्याच मुकेश चौधरीनं ४ बळी घेतले. दोघंही चेन्नईचे.

तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला चेन्नईनं दीड कोटींना घेतलं आणि पुढं सोडलं. वेगवान गोलंदाजाला फळायला चार-पाच वर्षं लागतात. पाठ जाते, गुडघा जातो, चेंडूची लांबी हरवते आणि परत सापडते. तेवढा काळ त्याला जवळ ठेवणारं कुणीतरी लागतं. आपल्या जिल्ह्यांतून हा माल निघतो आहे, पण त्याला थांबायला इथं जागा नाही. डिसेंबर २०२५ मध्ये अबू धाबीत पुन्हा लिलाव झाला, कॅमरून ग्रीनवर २५ कोटी २० लाखांची बोली लागली. भाचा रात्री उशिरापर्यंत मेसेज करत होता. मी यादीत महाराष्ट्राच्या पोरांची नावं शोधत बसलो होतो.

२४ ऑक्टोबर २०२४ ला मी शेवटचा गहुंज्याला गेलो. न्यूझीलंडविरुद्धची कसोटी, पहिला दिवस. ती कसोटी पुढं आपण ११३ धावांनी हरलो, मालिकाही गेली. पण पहिल्या दिवशी न्यूझीलंड २५९ ला बाद झालं आणि दहाच्या दहा बळी दोन ऑफस्पिनरनी घेतले. वॉशिंग्टन सात, अश्विन तीन. एक २०१६ चा पुण्याचा गोलंदाज, आणि दुसरा २०१७ मध्ये त्याच्या जागी आलेला पोरगा. शेवटचा बळी पडल्यावर वॉशिंग्टननं चेंडू वर करून चारी बाजूंना दाखवला. मी उठून उभा राहिलो आणि "पुणे, पुणे" असं ओरडलो. पुढच्या रांगेतली दोन मुलं वळून बघायला लागली.